सूचनाप्रवाह

सूचनाप्रवाह : संकेतस्थळावर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या मजकुराची, विशेषतः तेथे चालू असलेल्या चर्चेत पडणाऱ्या नव्या भरीची, वर्दी वाचकाला आपोआप मिळावी म्हणून योजिलेली व्यवस्था. व्यवहारात तिला ‘फीड’ असे म्हणतात. याच हेतूने वाचकाच्या पत्त्यावर धाडण्यात येणाऱ्या पत्राला ई-मेल सूचना असे नाव आहे. दोन्ही प्रकारांत वाचकाचा हेलपाटा वाचतो. परंतु वर्दी कोण मागतो, ती कोण धाडतो आणि यादी कोणाच्या ताब्यात राहते, या तीन बाबतींत ते परस्परांहून भिन्न आहेत. त्यांचे गुणदोष आणि त्यांचा आजवरचा इतिहास मुख्यत्वे या भेदावर अवलंबून आहे.

टपालातील पूर्वरूपे : दूरच्या चर्चेचा मागोवा घरबसल्या घेण्याची सोय संगणकाने प्रथमच केली असे नाही. भारतात पाव आण्याचे टपाल कार्ड १ जुलै १८७९ रोजी प्रचारात आले. त्या वेळी हलक्यात हलक्या पत्रालाही अर्धा आणा पडत असल्यामुळे थोडक्या मजकुरासाठी कार्ड निम्म्या खर्चात होत असे. सभेची नोटीस, अंक निघाल्याची वर्दी, वर्गणी संपल्याची आठवण, संपादकाला चार ओळींचे उत्तर, असा बराच सार्वजनिक व्यवहार पुढे कार्डावर होऊ लागला. उलट टपाली उत्तर हवे असल्यास जोडकार्ड पाठवीत व पत्र पोहोचल्याची खात्री हवी असल्यास पोचदेय रजिस्टर करीत.

ही कार्डे व टपाल तिकिटे आरंभी लंडनच्या टॉमस डी ला रू कंपनीत छापली जात. १९२५ मध्ये नाशिक रोड येथे भारत प्रतिभूति मुद्रणालय स्थापन झाले आणि हे काम क्रमाक्रमाने तेथे आले. पुढे टपाल तिकिटे, कार्डे, पाकिटे आणि आंतरदेशीय पत्रे यांचा फार मोठा भाग याच मुद्रणालयातून देशभर गेला. नाशिकचे जुने गाव रेल्वेमार्गापासून सुमारे आठ-नऊ किमी. दूर असल्यामुळे गावचे रेल्वेने येणारे टपालही नाशिक रोड स्थानकातच उतरत असे. पत्राचे साधन जेथे छापले जाते आणि पत्रही जेथे उतरते, असे हे ठाणे आहे.

नियतकालिकाच्या वर्गणीदारांची यादी संपादकाकडे असते. अंक निघाला की तो पोस्टमनच्या हाती वाचकाच्या दारी येतो. हे ई-मेल सूचनेचे पूर्वरूप होय. याउलट नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या (स्थापना १८४०) ठिकाणी जाऊन ‘नवा अंक आला का?’ असे पाहणाऱ्या वाचकाचे नाव संपादकाला ठाऊक नसते. कोणते अंक पाहायचे ते त्याच्या मनात असते आणि फेरीही तोच मारतो. ही फेरी माणसाऐवजी संगणकाने मारली म्हणजे सूचनाप्रवाह तयार होतो.

ई-मेल सूचना : जाळ्यावरील ई-मेलचा आरंभ रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केला. एकाने लिहिलेले पत्र यादीतील सर्वांना आपोआप पोहोचविण्याची पद्धत पुढे रूढ झाली. १९८६ मध्ये एरिक तोमा यांनी रचलेल्या लिस्टसर्व्ह या आज्ञावलीमुळे यादीत नाव घालण्याचे व काढण्याचे कामही माणसाच्या हातून सुटले. संकेतस्थळांवरील चर्चांनी हीच पद्धत उचलली.

समजा, नाशिक रोडच्या एका निवृत्त मुद्रकाला जुन्या टपाल कार्डांवरील एका चर्चेचा मागोवा घ्यावयाचा आहे. त्याने त्या चर्चेपुढील ‘सूचना मिळाव्यात’ हा पर्याय निवडला की त्याचा पत्ता त्या चर्चेच्या यादीत नोंदला जातो. त्यानंतर कोणीही प्रतिसाद लिहिला, की संगणक यादी चाळून प्रत्येकाला पत्र धाडतो. प्रत्येक पत्राला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो आणि हे पत्र कोणत्या आधीच्या पत्राचे उत्तर आहे त्याची नोंद शीर्षभागात असते. तिच्या आधारे वाचकाचा संगणक सुटी पत्रे एका सूत्रात ओवून दाखवितो. काही ठिकाणी आलेल्या पत्रालाच उत्तर दिले की ते थेट चर्चेत जाऊन बसते.

या पद्धतीचा मोठा दोष तिच्या सोयीतच आहे. चर्चा रंगली म्हणजे दिवसाला शेकडो पत्रे येतात आणि त्यांच्या गर्दीत घरचे पत्र हरवते. यावर उपाय म्हणून दिवसभराचे प्रतिसाद एकत्र बांधून एकच पत्र पाठविण्याची सोय असते. तथापि वाद ऐन भरात असताना दुसऱ्या दिवशी मिळालेला गठ्ठा शिळा वाटतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. वाचकाचा पत्ता धाडणाऱ्याच्या ताब्यात जातो. तो पुढे कोणाला दिला जाईल हे वाचकाच्या हाती उरत नाही. यादीतून नाव काढण्याची सोय मुद्दाम अवघड ठेवण्याचे प्रकारही पुष्कळ झाले. २०२४ पासून गूगल व याहू या कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांवर एका टिचकीत नाव काढता येण्याची सोय ठेवण्याचे बंधन घातले, यावरून या तक्रारीचा आवाका ध्यानात येतो.

सूचनाप्रवाहाची रचना : येथे संकेतस्थळ कोणालाही काही धाडीत नाही. ते आपल्या जागी एक लहानशी फाइल ठेवते. तीत संकेतस्थळाचे वा चर्चेचे नाव, पत्ता आणि त्याखाली अलीकडच्या नोंदी असतात. प्रत्येक नोंदीत शीर्षक, दुवा, सारांश किंवा पूर्ण मजकूर, प्रसिद्धीची वेळ आणि ओळखक्रमांक एवढे भाग सामान्यतः असतात. नवी नोंद आली की ती वर चढते आणि जुनी खालून गळते. ही फाइल एक्सएमएल या खुणाभाषेत लिहिलेली असल्यामुळे शीर्षक कोणते व वेळ कोणती, हे संगणकाला अंदाज न बांधता कळते.

वाचकाकडे वाचक-आज्ञावली असते. वाचकाने निवडलेल्या प्रवाहांचे पत्ते तीत साठविलेले असतात. ठरावीक वेळाने ती प्रत्येक पत्त्यावर जाऊन फाइल तपासते, ओळखक्रमांकावरून नव्या नोंदी वेगळ्या काढते आणि कालक्रमाने मांडते. वरील उदाहरणातील मुद्रक टपाल कार्डांची चर्चा, हवामानाची वार्ता व एखादे मासिक अशा पन्नास ठिकाणच्या वर्द्या एकाच पटलावर पाहू शकतो; त्यांपैकी एकाही ठिकाणी त्याचे नाव किंवा पत्ता नोंदलेला नसतो. वाचक-सेवा एखाद्या कंपनीच्या संगणकावर चालत असेल, तर मात्र त्या कंपनीला त्याची निवड कळते.

सतत मारल्या जाणाऱ्या या फेऱ्यांचा भार संकेतस्थळावर पडतो. हजार वाचकांच्या आज्ञावलींनी ताशी एकदा विचारणा केली, तरी दिवसाला २४,००० विचारणा होतात आणि त्यांपैकी बहुतेकींचे उत्तर ‘नवे काही नाही’ एवढेच असते. म्हणून विचारणा करतानाच मागील प्रतीची खूण सांगण्याची रीत आहे. खूण जुळली तर फाइल न पाठविता केवळ ३०४ हा सांकेतिक क्रमांक उत्तरादाखल दिला जातो. मधल्या केंद्राने नव्या नोंदीची वर्दी तत्काळ पुढे ढकलावी, अशी वेबसब नावाची पद्धतही निघाली व २०१८ मध्ये तिला जागतिक मानकाचा दर्जा मिळाला.

इतिहास : या प्रकारच्या फाइलीचे पहिले रूप मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत डॅन लिबी व रामनाथन गुहा यांनी सिद्ध केले. गुहा हे मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर होत. त्या रूपाला आरएसएस हे नाव मिळाले. (या आद्याक्षरांचा महाराष्ट्रात सर्वपरिचित असलेल्या संघटनेशी संबंध नाही, मराठी वाचकांची गल्लत मात्र अनेकदा झाली आहे.) नेटस्केपने लवकरच हे काम सोडले आणि त्यानंतर दोन पंथ पडले. डेव्ह वायनर यांनी साधेपणावर भर दिला, तर दुसऱ्या गटाने तर्कशुद्ध व विस्तारक्षम रचनेचा आग्रह धरला. या दुसऱ्या गटात त्या वेळी अवघ्या चौदा वर्षांचा असलेला ॲरन स्वार्ट्झ हाही होता. डिसेंबर २००० मध्ये दोन्ही पंथांची परस्परविसंगत रूपे एकाच महिन्यात प्रसिद्ध झाली. सप्टेंबर २००२ मध्ये वायनर यांचे २.० हे रूप आले व तेच पुढे सर्वाधिक रूढ झाले. संदिग्धता टाळण्यासाठी तयार केलेले ॲटम हे निराळे रूप डिसेंबर २००५ मध्ये मानक ठरले. आद्याक्षरे कोणत्या शब्दांची, यावरही एकमत झाले नाही. निरनिराळ्या काळी तिघा निरनिराळ्या शब्दसमूहांची ती मानली गेली. वाचक-आज्ञावलींनी मात्र सर्वच रूपे वाचण्याची सवय करून घेतल्यामुळे वाचकाला या भांडणाची झळ फारशी लागली नाही.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून उपलब्ध झाले. जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून, मंद आणि वेळेच्या हिशेबाने महाग होती. अशा वेळी एकेक संकेतस्थळ उघडून ‘काही नवे आहे काय’ हे पाहणे ही चैनच होती. ई-मेल एकदम उतरवून घ्यावी, जोडणी तोडावी आणि मग सावकाश वाचावी, हा तेव्हाचा शिरस्ता होता.

मराठी संकेतस्थळे व देवनागरी : मराठीत जाळ्यावर दीर्घ चर्चांची परंपरा जुनी आहे. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या ‘हितगुज’ या विभागात अमेरिकेतील व भारतातील मराठी माणसे एकत्र आली. मनोगत २००४ मध्ये व मिसळपाव २००७ मध्ये निघाले. येथील चर्चा महिनोन्‌महिने चालत. वर्षापूर्वीच्या पाककृतीवर अचानक एखादा प्रतिसाद येई आणि ती पुन्हा वर येई. असा विलंबाने आलेला प्रतिसाद मूळ लेखकाला कळावा कसा, हा खरा प्रश्न होता. अमेरिकेतील सभासद लिहीत तेव्हा येथे रात्र असे, त्यामुळे वर्दीची गरज मराठी चर्चांना विशेष भासली.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातील प्रत्येक पानाच्या इतिहासाला स्वतंत्र सूचनाप्रवाह आहे. सामुदायिक चर्चेसाठी असलेल्या ‘चावडी’ या पानाचाही इतिहास या रीतीने पाहता येतो. कोणी कोणता शब्द बदलला, कोणती ओळ गाळली हे त्यातून उमगते. लक्ष ठेवावयाच्या पानांची यादी सभासदाला करता येते व त्यांतील बदलांची ई-मेल सूचनाही मागता येते.

तथापि देवनागरी मजकुराच्या बाबतीत ही व्यवस्था बराच काळ लंगडी होती. युनिकोडपूर्वी प्रत्येक संस्थेचा टंक निराळा असे. मजकूर रोमन अक्षरांच्या जागी साठविलेला असे आणि विशिष्ट टंक चढविला तरच तो मराठी दिसे. संकेतस्थळावर टंक सोबत पाठविता येत असल्यामुळे तेथे हे झाकले जाई. सूचनाप्रवाहात मात्र टंक जात नाही, केवळ अक्षरे जातात. परिणामी संकेतस्थळावर सुवाच्य दिसणारा लेख वाचक-आज्ञावलीत निरर्थक रोमन चिन्हांची रांग होऊन उतरे. मराठीत सूचनाप्रवाह उपयुक्त ठरला तो युनिकोडचा वापर रूढ झाल्यावर. किंबहुना एखाद्या संकेतस्थळाची देवनागरी खरी की केवळ दिखाऊ, हे ओळखण्याची ती एक सोपी कसोटीच होती.

युनिकोडनेही सर्व अडचणी सुटल्या नाहीत. जाळ्यावर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संकेतनात देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘नाशिक’ या शब्दात न, काना, श, ऱ्हस्व इकार व क अशी पाच चिन्हे असल्याने त्याला १५ बाइट लागतात. रोमन लिपीत तोच शब्द सहा बाइटांत मावतो. सारांश शंभर बाइटांवर तोडावा, असे परदेशी आज्ञावलीने ठरविले, की सलग देवनागरीत तेहतीस चिन्हे पुरी होऊन चौतिसावे मध्येच तुटते आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्ह असलेला चौकोन उमटतो. चिन्हांच्या सीमेवर तोडले तरी अक्षर शाबूत राहतेच असे नाही. ऱ्हस्व इकार डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसत असला, तरी साठवणुकीत तो व्यंजनानंतर येतो. तेथे काप बसला तर ‘शि’ चा ‘श’ होतो. ई-मेलच्या विषयाची ओळ देवनागरीत असल्यास ती रोमन अक्षरांत सांकेतिक करून पाठवावी लागते. जुन्या आज्ञावली ती न उलगडताच दाखवीत.

याहून सूक्ष्म अडचण व्याकरणाची आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मराठीत क्रियापद व नकार हे वाक्याच्या शेवटी येतात. ‘उद्या पाणीपुरवठा बंद राहणार नाही’ हे शीर्षक जागेअभावी शेवटच्या शब्दापूर्वी तोडले गेले, तर सूचना उलटा अर्थ सांगते. इंग्रजीत नकार बहुधा आधी येत असल्यामुळे ही आपत्ती तेथे क्वचितच ओढवते. भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशात हा धोका वाढतो. कारण त्याच्या एका भागात रोमन लिपीतील १६० अक्षरे मावत असली, तरी देवनागरीची केवळ ७० चिन्हे मावतात. मराठी मजकुराची सूचना तयार करताना तोड पूर्ण वाक्यावर असावी, किंवा नकारार्थी शीर्षके आखूड असावीत, हे पथ्य संपादकांनी पाळणे आवश्यक आहे.

ऱ्हास व शेष उपयोग : सूचनाप्रवाहाचा सर्वाधिक प्रसार ७ ऑक्टोबर २००५ रोजी सुरू झालेल्या गूगल रीडर या विनामूल्य सेवेमुळे झाला. तिच्या सोयीपुढे इतर बहुतेक वाचक-सेवा मागे पडल्या. १३ मार्च २०१३ रोजी गूगलने ती बंद करण्याचे जाहीर केले व १ जुलै २०१३ रोजी ती बंद झाली. वापर घटल्याचे कारण कंपनीने दिले. ते खोटे नसले तरी पुरेसे नाही. सूचनाप्रवाहात जाहिरातीला जागा थोडी, वाचक कोण हे प्रकाशकाला अज्ञात आणि नोंदींचा क्रम काळाने ठरलेला. म्हणजे मधल्या व्यापाऱ्याला हात घालण्यास वाव नाही. याच सुमारास वाढलेल्या समाजमाध्यमांत हे सर्व उलटे होते. तेथे वाचकाने ज्यांना निवडले त्यांचे सर्वच लेखन त्याला दिसेल याची हमी नसते. काय दाखवायचे आणि कोणत्या क्रमाने, हे कंपनीची आज्ञावली ठरविते. डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्स या न्याहाळकानेही सूचनाप्रवाह वाचण्याची अंगभूत सोय काढून टाकली.

मराठी चर्चांवर या बदलाचा परिणाम लक्षणीय झाला. बरीचशी चर्चा समाजमाध्यमांकडे व भ्रमणध्वनीवरील बंदिस्त गटांकडे वळली. तेथे वर्दी क्षणात मिळते. मात्र तिच्या मागची चर्चा बाहेरच्याला वाचता येत नाही आणि आतल्यालाही महिन्याने सापडणे कठीण जाते. वर्षापूर्वीच्या लेखावर आलेला प्रतिसाद आणि त्यातून पुन्हा पेटलेला वाद, हा जुन्या संकेतस्थळांवरील नित्याचा अनुभव बंदिस्त गटांत जवळजवळ संभवत नाही.

गूगल रीडर बंद होताना एक गोष्ट स्पष्ट झाली. वाचकांना आपापल्या प्रवाहांची यादी ओपीएमएल या खुल्या स्वरूपातील फाइलीत उतरवून दुसऱ्या सेवेत नेता आली. मुख्य दुकान उठले, पण गिऱ्हाइकाची वही त्याच्याच खिशात राहिली. एखाद्या समाजमाध्यमाने गाशा गुंडाळला तर तेथील वाचकाला हे करता येईलच असे नाही.

सूचनाप्रवाह आज नामशेष झालेला नाही. तो दृष्टीआड झाला आहे. ध्वनिमालिकांचे म्हणजे पॉडकास्टचे वितरण बहुतांशी आरएसएसवरच चालते. नोंदीला ध्वनिफीत जोडण्याची सोय वायनर यांनी डिसेंबर २००० मध्येच करून ठेवली होती. भारतीय रिझर्व्ह बँकेची परिपत्रके व केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची निवेदने यांचे सूचनाप्रवाह उपलब्ध आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या व्यवस्थेतील पूर, वादळ, वीज इत्यादींचे इशारे एका आंतरराष्ट्रीय मानक नमुन्यात लिहिले जातात व तेही सूचनाप्रवाहाच्या रूपाने कोणत्याही संगणकाला उचलता येतात. इशाऱ्यातील मजकूर प्रादेशिक भाषेत देण्याची तरतूद या नमुन्यात आहे. वर सांगितलेला वाक्यान्ती येणाऱ्या नकाराचा प्रश्न येथे सर्वांत निकडीचा ठरतो. गोदाकाठच्या रहिवाशाला ‘धरणातून पाणी सोडले जाणार’ एवढेच वाचावयास मिळाले आणि ‘नाही’ हा शब्द पडद्याबाहेर राहिला, तर त्याची रात्र विनाकारण जागरणात जाईल. असे दोन-तीनदा घडले, की पुढचा खरा इशारा तो उघडूनही पाहणार नाही.